भिंतीचा पोत निवडताना आधी उजेड पाहावा

खोलीचा भाव बदलायचा म्हटले की हात आधी रंगपत्रिकेकडे जातो. पोताच्या भिंतीचा निर्णय मात्र उजेड पाहून घ्यावा. खिडकीच्या बाजूने तिरपा उजेड घासून जाणाऱ्या भिंतीवर प्रत्येक उंचवट्यामागे सावली पडते आणि उथळ पोतही ठळक दिसतो. समोरून उजेड येणाऱ्या भिंतीवर तोच पोत जवळजवळ सपाट भासतो. म्हणून रात्री दिवे मालवून विजेरी भिंतीलगत धरावी. गिलाव्यातले खड्डे आणि पुट्टीचे ओरखडेही तेव्हाच उघडे पडतात. ओल दिसली, तर तिचे कारण दूर होईपर्यंत पुढचे काम करू नये.

विसाव्याच्या खोलीसाठी मी चुन्याचा हात सुचवेन. पातळ कालवलेला चुना रुंद ब्रशने, फटकारे एकमेकांना छेदतील अशा रीतीने, दोन-तीन हातांत लावावा. ओला असताना तो गडद आणि पारदर्शक दिसतो व वाळताना बराच उजळतो, त्यामुळे पहिल्या तासात रंग फसला असे समजून घाईने दुसरा थर चढवू नये. प्लास्टिक पेंटवर चुना थेट धरत नाही. तिथे आधी खनिज प्रायमर लागतो. चुना दाहक असल्याने हातमोजे आणि चष्मा वापरावाच.

अंधाऱ्या खोलीत चुना आणि संगमरवराच्या भुकटीचा व्हेनेशियन गिलावा उठून दिसतो. लवचिक पोलादी थापीने, दिशा बदलत, अतिशय पातळ थर द्यावेत आणि शेवटचा थर आवळू लागला की स्वच्छ थापीने घोटून चकाकी आणावी. चकाकी खालच्या पृष्ठभागातला प्रत्येक दोष दाखवते, त्यामुळे अर्धी मेहनत घासकामातच जाते.

रवाळ, जाड पोत सर्वांत सोपा वाटतो. पण त्यात धूळ अडकते, अंग घासते आणि पुढे तो काढणे जिकिरीचे होते. येण्याजाण्याच्या अरुंद वाटेत तो नकोच.

कोणताही प्रकार निवडला, तरी २ फूट लांब-रुंद फळीवर नमुना करून ती त्याच भिंतीला टेकवावी आणि सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहावी. पूर्ण भिंतीपुरते मिश्रण एकदम कालवावे. भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत न थांबता संपवावी, कारण वाळलेल्या कडेवर पडलेला सांधा लपत नाही. मोठी भिंत असल्यास एकाने लावावे, दुसऱ्याने पोत उमटवावा. कडेची चिकटपट्टी थर कडक होण्याआधीच सोडवावी.