युद्धनौका बांधणीचा वेग मोजताना या चुका टाळा

दरवर्षी चवथ संपली की वक्तृत्व आणि निबंध स्पर्धांचा हंगाम सुरू होतो आणि वास्कोतली कॉलेजची मुलं कागद घेऊन माझ्याकडे येतात. विषय बहुधा एकच: चीन भराभर विनाशिका, म्हणजे डिस्ट्रॉयर नावाच्या मोठ्या युद्धनौका, बांधतो, मग आपण का नाही? विषय मोलाचा आहे, मुलंही हुशार आहेत. पण कोष्टक उघडलं की त्याच त्या चुका. झुआरीच्या काठावर एका यार्डात सत्तावीस वर्षं मी बार्जबांधणीचं वेळापत्रक सांभाळलं. तारखांशी असा खेळ केलेला मला बघवत नाही.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन नौकांची घड्याळं वेगवेगळ्या ठिकाणी सुरू करणं.

मागे एकदा आमच्या वाड्यावरच्या व्याख्यानात एका मुलाने छातीठोकपणे सांगितलं, "चीनला अडीच वर्षं लागतात, आपल्याला साडेसात." सभेत एक निवृत्त फिटर बसले होते. ते उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाबू, तुझी ती अडीच वर्षं कुठून कुठवर?" मुलगा गप्प. कागद मागवून बघितला. चीनच्या टाइप ०५५ वर्गातली (वर्ग म्हणजे एकाच आराखड्याच्या नौका) पहिली विनाशिका नानचांग २८ जून २०१७ रोजी पाण्यात उतरली आणि १२ जानेवारी २०२० रोजी नौदलात दाखल झाली. ही त्याची अडीच वर्षं. आपल्या मुरगावचं नाव असलेल्या 'आयएनएस मोरमुगाव'ची मोजणी मात्र त्याने कील, म्हणजे नौकेच्या तळाचा कणा, बसवल्यापासून धरली होती: ४ जून २०१५ ते १८ डिसेंबर २०२२. नानचांगचं काम २०१४ मध्येच सुरू झालं होतं, म्हणजे तिलाही पाच वर्षांहून जास्त लागली. फरक उरतोच, आणि तो कमी नाही. पण तिपटीचा नाही.

त्या रात्री मी त्या मुलाला घरी बसवून आपल्याच दोन नौका शेजारी मांडायला लावल्या. मोरमुगाव आणि सुरत, दोन्ही एकाच वर्गातल्या, दोन्ही मुंबईच्या माझगाव डॉकच्या. मोरमुगाव कील बसवल्यापासून साधारण साडेपंधरा महिन्यांत, १७ सप्टेंबर २०१६ रोजी, पाण्यात उतरली. सुरतला तीस महिने लागले: ७ नोव्हेंबर २०१९ ते १७ मे २०२२. नुसतं जलावतरण बघाल तर सुरत निम्म्या वेगाने बांधली असं म्हणाल. पण मोरमुगाव त्यानंतर सव्वासहा वर्षं पूर्ण होत राहिली आणि सुरत बत्तीस महिन्यांच्या आत, १५ जानेवारी २०२५ रोजी, दाखल झाली. एकूण हिशेब साडेसात वर्षं विरुद्ध पाच वर्षं दोन महिने. जी पाण्यात उशिरा गेली, ती नौदलाला लवकर मिळाली.

कारण साधं आहे. मोरमुगाव पाण्यात गेली तेव्हा तिचं वजन २,८४४ टन होतं. पूर्ण नौका ७,४०० टनांची. तिच्यावर चढायचं बरंचसं सामान, रडार, क्षेपणास्त्रांचे लाँचर, मैलोन्‌मैल केबल, हे सगळं धक्क्याला लागल्यावर. त्यानंतर समुद्रातल्या चाचण्या. मोरमुगाव त्यासाठी पहिल्यांदा समुद्रात गेली ती १९ डिसेंबर २०२१ ला, गोवामुक्तीच्या साठाव्या वर्षदिनी. सुरतचा सांगाडा ब्लॉक पद्धतीने दोन वेगळ्या ठिकाणी तयार करून माझगावला जोडला. चीनमध्ये तर ड्राय डॉकमध्येच, म्हणजे कोरड्या गोदीतच, वरचा मजला, डोलकाठीसकट, बराचसा उभा राहतो आणि मग डॉकमध्ये पाणी सोडतात.

आमच्याकडे एक बार्ज अशीच मुहूर्त साधून उतरवली होती. नारळ फुटला, पेढे वाटले, फोटो छापून आला. गिअरबॉक्स आला सात महिन्यांनी. ते सात महिने मालक रोज सकाळी जेटीवर येऊन उभा राहायचा आणि मला त्याच्या नजरेला नजर देता यायची नाही. तेव्हापासून जलावतरणाच्या तारखेवर मी काहीही ठरवत नाही.

माझी सवय सांगतो. वहीत चार रकाने आखतो: पत्रा कापला, कील, जलावतरण, दाखल. चिनी नौकांच्या बऱ्याच तारखा उपग्रहाच्या फोटोंवरून काढलेल्या अंदाजाच्या असतात, त्या पेन्सिलने लिहितो. तारीख नसेल तर घर मोकळं. मुलांना मोकळं घर बघवत नाही, कुठून तरी आकडा उचलून भरतात. पाच मिनिटांत कोष्टक हवं असेल तर हा विषय घेऊच नका.

दुसरी चूक मला तितकीच खुपते: एका नौकेला लागलेली वर्षं म्हणजेच देशाचा वेग, असं धरणं. पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पाव भाजायला लागतो तितकाच वेळ लागतो. गावाला किती पाव मिळतील ते भट्टीच्या आकारावर ठरतं. मोरमुगाव आणि सुरतच्या वर्गातल्या चार नौका दाखल झाल्या त्या नोव्हेंबर २०२१, डिसेंबर २०२२, डिसेंबर २०२३ आणि जानेवारी २०२५ मध्ये. प्रत्येकीला पाच ते आठ वर्षं लागली, तरी नौदलाला साधारण वर्षाला एक मिळाली. आता चीनकडे बघा. ३ जुलै २०१८ रोजी डालियानमध्ये एकाच दिवशी टाइप ०५५ च्या दोन नौका पाण्यात आल्या. त्या वर्गाच्या आठ नौका २०२० ते २०२३ च्या दरम्यान दाखल झाल्या आणि त्याच काळात टाइप ०५२डी या दुसऱ्या वर्गाच्या विनाशिकांचं काम शेजारी चालूच होतं. खरी तफावत इथे आहे, भट्टीत. जगातल्या व्यापारी जहाजबांधणीचा साधारण अर्धा वाटा चीनकडे आहे. वेल्डर, क्रेन, पत्रा, इंजिनवाले सगळे त्यावर जगतात आणि युद्धनौकेलाही तेच उपयोगी पडतात. अमेरिकेकडे पैसा आहे, पण आर्ली बर्क वर्गाच्या विनाशिका दोनच यार्ड बांधतात, मेनमधलं बाथ आणि मिसिसिपीतलं इंगॉल्स. आपल्याकडे आजवरची प्रत्येक स्वदेशी विनाशिका एकट्या माझगावातून आली. म्हणून मी वर्गातल्या सगळ्या नौकांच्या आडव्या पट्ट्या आलेखाच्या कागदावर एकाखाली एक काढतो. कुठे काम अडलं ते डोळ्यांना दिसतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

फ्रिगेटला, म्हणजे विनाशिकेहून लहान युद्धनौकेला, विनाशिका म्हणू नका. गोवा शिपयार्डमध्ये २३ जुलै २०२४ रोजी पाण्यात उतरलेली 'त्रिपुट' ही फ्रिगेट आहे, साधारण ३,६०० टनांची. आपल्या गावचा अभिमान मलाही आहे, पण ती विनाशिकांच्या रकान्यात बसत नाही.

नग मोजताना टनही मोजा. टाइप ०५५ बारा हजार टनांच्या वर आहे. अमेरिकन तिला क्रूझर, म्हणजे विनाशिकेहून मोठी युद्धनौका, म्हणतात.

दुसऱ्या महायुद्धातलं 'रॉबर्ट ई. पीअरी' जहाज साडेचार दिवसांत बांधलं, हा दाखला देऊ नका. ते मालवाहू होतं.

आणि घोषणा म्हणजे क्षमता नव्हे. झुमवॉल्ट वर्गाच्या बत्तीस विनाशिका बांधायचं अमेरिकेने ठरवलं होतं. बांधल्या तीन. नौदलात दाखल झाल्याची तारीख लागेपर्यंत माझ्या वहीत त्या नौकेला क्रमांक मिळत नाही.