रोज सायकलने कामावर जायचंय? मग रस्ता संध्याकाळच्या हिशोबाने आखा

सायकलने कामावर जायचं ठरवताना बहुतेक जण सकाळचाच विचार करतात. हवा गार असते, पाय ताजे असतात, रस्तेही त्यातल्या त्यात मोकळे असतात. पण रोजची सायकल सुटते ती संध्याकाळी. दिवसभर काम झालेलं असतं, भूक लागलेली असते, गर्दी शिगेला पोचलेली असते आणि नेमका तेव्हाच चढ समोर येतो. म्हणून रस्ता, सायकल, सामान, सगळं काही या परतीच्या वेळेला धरून ठरवावं. सकाळ आपोआप सोपी होते.

दाखल्यासाठी मी पुण्यातला कोथरूड ते कॅम्प हा आठ-दहा किलोमीटरचा प्रवास घेतला आहे. रमतगमत, सिग्नल धरून, पाऊण तास लागतो. तुमचं गाव वेगळं असलं तरी बघायच्या गोष्टी याच.

१. आधी फक्त परतीचा रस्ता चालवून बघा

एखाद्या रविवारी संध्याकाळी सायकल ऑफिसपर्यंत न्या, थोडं थांबा आणि घरी या. लक्ष परतीवर ठेवा. कुठे दम लागतो, कुठे दिवे नाहीत, कुठे गाड्या अंगावर येतात, ते टिपून ठेवा.

पुण्यात नदी ओलांडणारा रस्ता बहुधा नदीकडे उतरतो आणि पूल ओलांडला की पुन्हा चढतो. कोथरूडकराला सकाळी कर्वे पुतळ्यापासून नळ स्टॉपपर्यंत पॅडल फारसं मारावंच लागत नाही. तोच उतार संध्याकाळी चढ होऊन समोर येतो. असा चढ टाळता येत नसेल तर तो लांबवा. १०० मीटरमध्ये ४ मीटर चढणाऱ्या रस्त्याऐवजी २ मीटर चढणारा, थोडा वळसा घालून जाणारा आतला रस्ता थकलेल्या पायांना कितीतरी बरा. उंची तेवढीच गाठायची असते, पण एकेका पॅडलवर जोर कमी पडतो.

सपाट रस्ता शोधायची एक खूण लक्षात ठेवा: कालवा आणि रेल्वे. पाणी हळूहळू वाहावं म्हणून कालवा जवळजवळ एका पातळीत नेलेला असतो, आणि रेल्वेलाही तीव्र चढ चालत नाही. त्यामुळे त्यांच्या कडेने गेलेले रस्ते बहुधा सपाट असतात. एरंडवण्यातला कॅनॉल रोड किंवा असाच एखादा रस्ता तुमच्या वाटेवर बसतो का, नकाशात बघा.

वाऱ्याचंही तसंच. पावसाळ्यात वारा मुख्यतः पश्चिमेकडून येतो, म्हणजे कॅम्पातून कोथरूडला परतताना तो समोरून लागतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १५ किलोमीटरने जाणाऱ्याला समोरून १५ चाच वारा लागला, तर हवेचा जोर चौपट होतो. अशा दिवशी वेग धरायचा हट्ट सोडा, हलका गिअर टाका आणि दहा मिनिटं जास्त लागतील असं घरी सांगून ठेवा. आतल्या गल्ल्यांमध्ये इमारतींच्या आडोशाने वारा बराच कमी लागतो.

आणि एक पर्यायी वाट आधीच ठरवून ठेवा. खडकवासला धरणातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो आणि नदीपात्रातला रस्ताही बंद होतो. ऐन गर्दीत, पावसात, नवीन वाट शोधायची वेळ येऊ नये. पुणे मेट्रोत सायकल नेता येते. सध्याचे नियम आणि वेळा स्टेशनवर एकदा विचारून घ्या, म्हणजे अगदीच जीवावर आलं तर कोथरूडच्या वनाज स्टेशनपर्यंत बसून येता येईल.

२. घरात आहे तीच सायकल, पण चार बदल करून

पहिले दोन-तीन महिने नवी सायकल घेऊ नका. आहे तिच्यात हे करा.

सीटची उंची सगळ्यात आधी. खूप लोक सीट इतकी खाली ठेवतात की प्रत्येक पॅडलला गुडघा छातीकडे येतो, आणि महिनाभरात गुडघे बोलायला लागतात. पॅडल सगळ्यात खाली असताना त्यावर टाच ठेवा. पाय सरळ झाला पाहिजे. चालवताना पाऊल पुढून टेकतं, तेव्हा गुडघ्यात आपोआप हवा तेवढा वाक राहतो.

गिअर नसलेली सायकल असेल तर पुढच्या आणि मागच्या चक्राचे दात मोजा. पुढे ४४ आणि मागे १८ असतील, तर सायकलवाल्याकडून मागे २० किंवा २२ दातांचं फ्रीव्हील बसवून घ्या. २२ चं बसवलं तर प्रत्येक पॅडलचा जोर १८ टक्क्यांनी कमी होतो. सपाटीला वेग थोडा कमी होईल, पण शहरात तसाही तो सिग्नल ठरवतो. दात वाढले की चेनही एखाद-दोन कड्यांनी लांब लागते, तेवढं त्याच वेळी करून घ्या.

मडगार्ड आणि कॅरिअर हवेतच. सॅक पाठीवर घेतली की शर्ट भिजतो. तीच सॅक कॅरिअरला बांधली की पाठ मोकळी राहते. मागे लाल आणि पुढे पांढरा दिवा, दोन्ही चार्जिंगचे. हेल्मेटची सायकलला कायद्याने सक्ती नाही, तरी घाला. ओढणी असेल तर दोन्ही टोकं पाठीमागे घेऊन गाठ मारा. साडी नेसून चालवत असाल तर चेनकव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असल्याशिवाय निघू नका.

३. रस्त्यात नेमकं कुठून चालायचं

नवा सायकलस्वार भीतीने अगदी कडेला चिकटतो, आणि धोका तिथेच जास्त असतो. कडेला वाळू, गटाराच्या जाळ्या आणि उभ्या गाड्यांची अचानक उघडणारी दारं असतात. उभ्या गाड्यांपासून हातभर, जमलं तर मीटरभर अंतर ठेवा आणि सरळ रेषेत चला. मागच्याला तुमची चाल कळली की तो बाजूने नीट जातो. नागमोडी चाललात तर त्याचाही अंदाज चुकतो.

बस किंवा ट्रकच्या डाव्या बाजूने कधीही पुढे घुसू नका. बस स्टॉपवर थांबत असेल तर तिच्या मागे थांबा. डावीकडे वळणाऱ्या मोठ्या गाडीच्या ड्रायव्हरला तुम्ही दिसत नाही, आणि तिची मागची चाकं वळताना आत येतात. या एका बाबतीत घाई जीवावर बेतते.

राँग साइडने येणारी दुचाकी बहुधा कडेला चिकटूनच येते. वेग कमी करा, मागे वळून बघा, आणि जागा असेल तरच उजवीकडे सरका. नसेल तर थांबून तिला जाऊ द्या. रात्री कुत्री मागे लागली तर पळू नका. उतरा आणि सायकल मध्ये धरून चालायला लागा. पळणारं काही दिसेनासं झालं की बहुतेक कुत्री मागे फिरतात.

४. पंक्चर: अर्धी विद्या सामानात, अर्धी हातात

पंक्चरच्या धास्तीने जितक्या सायकली जिन्याखाली धूळ खात पडतात, तितक्या दुसऱ्या कशाने पडत नसतील. आणि हे काम एकदा हाताला आलं की वीस मिनिटांचं आहे.

सोबत ठेवा: आपल्या मापाची एक जादा ट्यूब, प्लास्टिकचे दोन टायर लिव्हर, छोटा हातपंप, चाक काढायला लागणारा पाना आणि एक जुनं फडकं. सोल्यूशन-पॅच घरी ठेवलं तरी चालेल. रस्त्यात ट्यूब बदलायची आणि पॅच घरी बसून लावायचा, हीच पद्धत सोपी.

मागचं चाक असेल तर आधी चेन सगळ्यात लहान चक्रावर आणा. चाक काढा, उरलीसुरली हवा सोडा, लिव्हरने टायरची एकच बाजू रिमबाहेर काढा आणि ट्यूब ओढून घ्या. आता घाई न करता टायरच्या आतून फडकं हळूच फिरवा. काटा, काच किंवा तार जिथे असेल तिथे ते अडकतं. शहरात पुष्कळदा ती बारीक तार असते, गाड्यांच्या फाटलेल्या टायरमधून पडलेली. ती चटकन दिसत नाही, आणि न काढता नवी ट्यूब घातली तर पुढच्या चौकात तीही बसते. तार मिळाली की बाहेरच्या बाजूने उपटा. मग नव्या ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरून ती आत बसवा आणि टायर शक्यतो अंगठ्यांनीच चढवा. लिव्हर लावलात तर ट्यूब चिमटायची भीती असते.

ट्यूबला शेजारी शेजारी दोन भोकं दिसली तर काट्याला दोष देऊ नका. हवा कमी असताना खड्डा बसला आणि ट्यूब रिमच्या दोन्ही कडांवर चेपली, असा त्याचा अर्थ. टायरच्या बाजूला हवेचं माप लिहिलेलं असतं. आठवड्यातून एकदा तेवढी हवा भरलीत की असली पंक्चरं जवळजवळ थांबतात.

भोक सापडत नाही, तरी रोज सकाळी चाक बसलेलं असतं? व्हॉल्व्हच्या तोंडाला थुंकी लावा. बुडबुडा आला तर दोष व्हॉल्व्हचा. जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हमध्ये रबराची बारीक नळी असते, ती सुकून चिरते. सायकलवाल्याकडे ती अगदी किरकोळ पैशांत मिळते.

पेट्रोल पंपावरच्या मशीनने हवा भरत असाल तर थोडीथोडी भरा आणि दर वेळी चाक दाबून बघा. सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडी, आणि एक मोठा झोत ट्यूब फाडू शकतो.

५. पावसाळा

पहिल्या दोन-चार सरींत रस्त्यावरचं तेल वर येतं, तेव्हा सगळ्यात जास्त घसरतं. झेब्राचे पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणं, खोदकामावर टाकलेले पत्रे आणि पेव्हर ब्लॉक यांवर सायकल तिरपी करू नका, ब्रेकही दाबू नका. वेग आधीच कमी करून त्यांवरून सरळ जा. रिमवर दाबणारे ब्रेक ओले झाले की उशिरा लागतात. म्हणून चौक यायच्या आधी ते हलके दाबून रिम पुसून घ्या.

साचलेल्या पाण्यात शिरू नका. तळ दिसत नाही, आणि झाकण उघडं असू शकतं.

रेनकोटपेक्षा सॅकचं प्लास्टिक महत्त्वाचं. अंग घरी जाऊन पुसता येतं, भिजलेला लॅपटॉप नाही.

६. ऑफिसात

दहा मिनिटं आधी पोचा आणि घाम आटेपर्यंत पंख्याखाली बसा. लगेच कपडे बदललेत तर दुसरा शर्टही भिजतो. ओल्या नॅपकिनने अंग पुसलं की बहुतेक काम होतं. आठवड्याचे इस्त्रीचे शर्ट एकदाच नेऊन ठेवा. सायकल कुठे लावायची ते वॉचमनकाकांशी बोलून ठरवा, आणि कुलूप फ्रेम व मागचं चाक दोन्हींतून जाईल असं घाला.

७. दसऱ्याला चेन मोजा

दसऱ्याला आपण गाड्या धुतो, हार घालतो. पावसाळा नुकताच सरलेला असतो, तेव्हा सायकल उघडून बघायला याहून चांगला दिवस नाही. चेन रॉकेल लावून ब्रशने घासा, पूर्ण वाळू द्या, प्रत्येक कडीवर तेलाचा एकेक थेंब सोडा आणि वरचं जादा तेल फडक्याने पुसून टाका. राहिलं तर त्यावर माती बसते.

मग पट्टी घ्या. एका पिनेच्या मध्यावर शून्य धरा आणि तिथून पुढची चोविसावी पिन कुठे येते ते बघा. नव्या चेनची ती बरोबर १२ इंचांवर येते. गिअरच्या सायकलला ती एक सोळांश इंच पुढे गेली असेल, आणि बिनगिअरच्या सायकलला एक अष्टमांश, तर चेन बदलून टाका. तशीच चालवलीत तर ती फ्रीव्हीलचे दात खाते, आणि मग नवी चेनही त्या दातांवर, नेमकी चढावर जोर लावताना, निसटते.