चार्ल्सटनच्या बेटांवर एक दिवस

अमेरिकेच्या साउथ कॅरोलायना राज्यातलं चार्ल्सटन शहर बघून झालं की बेटांसाठी पूर्ण दिवस ठेवा. आदल्या रात्री भरती-ओहोटीच्या वेळा बघा. इथं पाणी साधारण 5 फूट चढतं-उतरतं, ओहोटीत चालायला ऐसपैस वाळू मिळते.

आईबाबांना मी आधी सलिव्हन्स आयलंडला नेलं. फोर्ट मोल्ट्री चुकवू नका. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात, 28 जून 1776 ला, ब्रिटिशांचे तोफगोळे इथल्या पाल्मेटोच्या (ताडासारखं झाड) मऊ, तंतुमय ओंडक्यांत रुतून बसले आणि तट टिकला. साउथ कॅरोलायनाच्या झेंड्यावर तेच झाड आहे. याच बेटावर आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या माणसांना विलगीकरणात ठेवत. तो फलक वाचून बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. तिथं घाई करू नका.

पुढे पुलाखाली ब्रीच इनलेट ही दोन बेटांमधली खाडी लागते. पाणी शांत दिसतं, पण आतून जबरदस्त ओढ असते. पोहायला बंदी आहे, पाऊलही टाकू नका. डुंबायचं तर पूल ओलांडून आयल ऑफ पाम्सच्या काउंटी पार्कात जा.

दुपारनंतर फॉली बीच. रस्ता संपतो तिथं गाडी लावून चालत टोकापर्यंत जा. समोर पाण्यात मॉरिस आयलंडचा 1876 चा दीपस्तंभ दिसतो. बांधला तेव्हा तो जमिनीवर होता. बंदरासाठी घातलेल्या बांधांनी वाळूचा ओघ बदलला आणि बेट झिजत गेलं. मला ही जागा सगळ्यांत आवडते.

मे ते ऑक्टोबर कासवांचा विणीचा हंगाम. खणलेले खड्डे बुजवा, अंधारात टॉर्च लावू नका.