बल्ब फ्रेममध्ये असेल तर या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागाच्या कारखान्यात रात्रीच्या सीनचं शूटिंग होतं. मागावर उघडा, तारेचा (फिलामेंटचा) बल्ब, खाली कामगार. चेहरा दिसेना म्हणून आम्ही ४० वॉटचा काढून १०० चा लावला. बल्बचा पांढरा गोळा झाला, चेहरा मात्र काळाच. डोळ्यांच्या जागी नुसत्या खोबण्या.

फ्रेममधला दिवा दिसण्यासाठी असतो, त्याच्याकडून सगळा उजेड मागू नका. तिथे तसाच तारेचा १५ वॉटचा पुरतो. तरीही डोळ्यांत खुपत असेल तर बल्ब गार असताना कॅमेऱ्याकडच्या काचेवर मेणबत्तीची पातळ काजळी धरा. मागची काच स्वच्छ राहू द्या, म्हणजे भिंतीवर उजेड पडत राहतो. चेहऱ्यासाठी दुसरा बल्ब फ्रेमबाहेर, पण त्याच दिशेला, थोडा खाली, त्याचा उजेड थर्माकोलवरून परतून चेहऱ्यावर येईल असा. तोही पिवळाच हवा, २७०० केल्विनच्या आसपास (केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप; आकडा कमी तितका पिवळा, जास्त तितका निळा). शेजारची ६५०० ची ट्यूब चालू राहिली तर अर्धा चेहरा निळा पडतो. आणि दिव्यापासून दोन फुटांवरचा नट चार फुटांवर गेला की उजेड चौथाई उरतो. तालमीत त्याची जागा खडूने आखून ठेवा.

पडद्यावर पट्टे सरकतायत? आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे चोकवाली ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, मोबाइलमध्येही ऑटो बंद करून. साध्या एलईडीला डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) लावला तर लुकलुक आणखी वाढते.

कंदिलाचा उजेड हात हलवून नाचवू नका. काचेतली ज्योत जवळजवळ स्थिर असते; कंदील उचलला, दार उघडलं, तरच ती थरथरते. चुलीचा जाळ नाचतो, तोही ठेक्यात नाही.

कारखान्यात उदाचा धूर करायचा मोह आवरा. कापसाचे तंतू सगळीकडे बसलेले असतात, तापलेल्या हॅलोजनवरही. आग लागायला एक निखारा पुरे.

वीज चमकवायला फोटोचा फ्लॅश वापरला तर बहुतेक डिजिटल कॅमेऱ्यांत अर्धीच फ्रेम उजळते, कारण सेन्सर चित्र वरून खाली वाचत जातो. त्याऐवजी एलईडी पॅनल खिडकीबाहेरून चालू-बंद करा: आधी छोटा झटका, मग लांब.