हँडी घ्यायच्या आधी

हँडी म्हणजे हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओवाल्याचा, हातात धरून बोलायचा संच. ती घ्यायची तर पहिलं काम कागदाचं. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी या रेडिओ परवान्यांच्या शाखेची एएसओसी ही हौशी रेडिओची परीक्षा द्या, सरल संचार पोर्टलवर अर्ज करा, आणि कॉलसाइन (हवेतलं आपलं अधिकृत नाव) येईपर्यंत नुसत्या किमती बघत बसा. बघायला बंदी नाही. वयाची १२ वर्षं पूर्ण असली की परीक्षेला बसता येतं. रिस्ट्रिक्टेड ग्रेड या खालच्या श्रेणीला मोर्स (टिंब-रेघांची सांकेतिक भाषा) लागत नाही आणि हँडीपुरतं तेवढं पुष्कळ झालं. मधल्या काळात कुणी ‘लायसन्स लागत नाही’ म्हणून काही गळ्यात मारायला आलं, तर एवढंच ध्यानात ठेवा: ती सवलत ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झवरच्या कमी ताकदीच्या वॉकीटॉकींना आहे. बाओफेंग यूव्ही-५आर ही स्वस्त हँडी त्यात बसत नाही. विनापरवानगी वॉकीटॉकी विकल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन बाजारांना नोटिसा धाडल्या, त्या उगाच नाही.

मग आपण बोलणार कुणाशी आणि कुठून, हे ठरवा. गावातल्या एखाद्या जुन्या हॅमला गाठून जवळच्या रिपीटरची (आपला सिग्नल झेलून दूरवर परत पाठवणाऱ्या केंद्राची) फ्रिक्वेन्सी, ऑफसेट म्हणजे ऐकायच्या आणि पाठवायच्या फ्रिक्वेन्सीतलं अंतर (१४५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात बहुधा ६०० किलोहर्ट्झ) आणि टोन, म्हणजे रिपीटर उघडणारा बारीक सूर, लिहून घ्या. जमलं तर त्यांचीच हँडी हातात घेऊन आपल्या गच्चीतून नुसतं ऐका. तिथे रिपीटर स्वच्छ येत असेल तर साधा संच चालेल. खरखरच येत असेल तर महागड्या संचानेही फारसा फरक पडायचा नाही. तो पैसा अँटेनावर घाला.

आता तुलना. वॉटच्या आकड्याला भुलू नका. ४ वॉटचे ८ वॉट झाले की वाढतात ३ डेसिबल, म्हणजे समोरच्याच्या मीटरवर जेमतेम अर्धा एस-युनिट (सिग्नलची ताकद मोजायची पायरी). बॅटरी मात्र तेवढी लवकर बसते. त्यापेक्षा संच ऐकतो कसा, ते बघा. यूव्ही-५आर काय किंवा क्वानशेंग यूव्ही-के५ काय, दोन्हींत जवळजवळ सगळा रेडिओ एका चिपवर आहे. मोकळ्या रानात ते छान ऐकतात, पण टॉवरांनी भरलेल्या माथ्यावर शेजारच्या तगड्या सिग्नलने बहिरे होतात. ट्रेकसाठी हँडी घेणाऱ्याने ही खोड आधीच हिशेबात धरावी.

दुसरी खोड आपल्याला दिसत नाही, दुसऱ्याला भोवते. १४५ मेगाहर्ट्झवर बोलताना दुप्पट २९० आणि तिप्पट ४३५ वरही थोडं सांडतंच. चांगल्या संचातला फिल्टर ते दाबून टाकतो. अमेरिकेतल्या एआरआरएल या हॅम संघटनेच्या प्रयोगशाळेत स्वस्त हँडींपैकी बऱ्याच यात नापास झाल्या. त्यामुळे विकत घेण्याआधी, निदान पहिल्यांदा बोलण्याआधी, ज्याच्याकडे स्पेक्ट्रम अॅनालायझर (कुठल्या फ्रिक्वेन्सीवर किती सांडतं ते दाखवणारं यंत्र) आहे अशा कुणाकडून तपासून घ्या. एकाच मॉडेलचे दोन नगही सारखे निघतील असं नाही. यासूसारख्या कंपनीचे जास्तीचे पैसे मुख्यतः याचेच असतात, आणि ते परवडत असतील तर द्यावेत, असं माझं मत.

दुकानात संच हातात आला की पीटीटी (बोलताना धरायचं बटण) दाबून बघा, आवाजाची खुंटी फिरवून बघा, बॅटरी काढून परत बसवा. अंधारात, ओल्या हातांनी हेच करायचंय. यूव्ही-के५ फोनच्या टाइप-सी चार्जरवर चालतो, ही प्रवासात मोठी सोय आहे. यूव्ही-५आरच्या मूळ बॅटरीला मात्र स्टँड सोबत न्यावा लागतो. जुलैत सह्याद्रीत फिरणार असाल तर आयपी रेटिंग (संच पाणी-धूळ किती सोसतो त्याचा आकडा) बघा, नाहीतर जाड प्लास्टिकची पिशवी आहेच.

अँटेना मागवण्याआधी जोड तपासा. बाओफेंग आणि क्वानशेंगच्या संचावर एसएमएचा (अँटेना बसवायच्या छोट्या आट्यांच्या जोडाचा) नर जोड असतो, यासूच्या बहुतेक हँडींवर मादी. उलटी मागवलीत तर अॅडॉप्टर शोधत फिराल. आणि फुकटातला उपाय आधी करून बघा: ४९ ते ५० सेंटिमीटर वायर, एक टोक सोलून अँटेनाच्या बुडाशी धातूच्या बाहेरच्या कड्याला टेकवायचं, मधल्या पिनला नाही, आणि बाकीची खाली लोंबू द्यायची. १४५ मेगाहर्ट्झला ही पाव तरंगलांबी होते, आणि सोबत आलेल्या आखूड रबरी अँटेनाला त्याने चांगलाच आधार मिळतो.

खर्चात संगणकावरून चॅनेल भरायची प्रोग्रामिंग केबल धरा. स्वस्त केबलमधली चिप नकली असली की विंडोजचा ड्रायव्हर रुसतो. चॅनेल भरायचं चर्प हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि वरचे दोन्ही स्वस्त संच त्याला ओळखीचे आहेत. आधी संचातली मूळ माहिती वाचून जतन करा, मगच नवी भरा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरचा रिपीटर चालू असेल तेव्हा लागणारे चॅनेलही त्याच बैठकीत टाकून ठेवा: पाठवायला १४५.९९० मेगाहर्ट्झ, ६७ हर्ट्झच्या टोनसह, आणि ऐकायला ४३७.८१०, ४३७.८०५, ४३७.८००, ४३७.७९५, ४३७.७९०. स्थानकाच्या वेगामुळे ऐकायची फ्रिक्वेन्सी सरकत जाते, म्हणून ते येताना वरच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि ते डोक्यावरून जाईल तसं एकेक चॅनेल खाली उतरायचं.