‘हा कोणता रंग?’ विचारताना या चुका टाळा

दिवाळीच्या आसपास नागपूरच्या बाजारात आंबिया बहाराची (म्हणजे हिवाळ्याच्या शेवटी आलेल्या फुलोऱ्याची) संत्री दिसू लागतात. सुरुवातीच्या कितीतरी फळांची साल हिरवीच असते. तीन वर्षांची नात "संत्रं हिरवं आहे" म्हणाली, की घरातलं कोणीतरी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवतं, "नाही गं, नारिंगी!" पोरीचं बरोबर असतं. हातातल्या फळापेक्षा तक्ता खरा मानू नका. फळ सोला, फोड दाखवा. एकाच संत्र्यात तिला दोन्ही रंग सापडतील.

पाहुण्यांसमोर रंग विचारत बसणं तर बंदच करा. मूल घाबरून काहीही बोलतं. त्यापेक्षा आपणच बोलावं: "पोहे पिवळे आहेत, तर्री लाल आहे." आधी वस्तू, मग रंग. दोन सारख्याच वाट्या, एक लाल, एक निळी, शेजारी ठेवल्या की फरक फक्त रंगाचा उरतो. मेट्रोच्या अ‍ॅक्वा लाइनचा रंग कोणी निळा म्हणेल, कोणी हिरवा. तिथे मुलाला खोडू नका.

आकारांत खरा घोळ ‘गोल’ या शब्दाचा. आपण बांगडीलाही गोल म्हणतो आणि संत्र्यालाही. मग मुलाला कळावं कसं? संत्रं जमिनीवर सोडा, ते कुठल्याही दिशेला घरंगळतं. ताट आडवं ठेवलं तर जागचं हलत नाही. आता संत्रं आडवं कापा, कापलेल्या बाजूला वर्तुळ दिसेल. अर्धं फळ बशीत पालथं ठेवा. पुढे कधी दीक्षाभूमीला गेलात, की स्तूपाचा घुमट दाखवून ती बशी आठवते का, एवढंच विचारा.

त्रिकोण नेहमी बुडावर बसलेलाच दाखवला, तर उलटा धरलेला समोसा मुलाला त्रिकोण वाटत नाही. संक्रांतीचा पतंग हातात फिरवून दाखवा. तिरका धरला तरी चौकोन चौकोनच राहतो. हे खेळ मे महिन्यात सकाळी लवकर उरकावेत. तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती मणी, बटणं देऊ नका, घशात अडकतात.

अडीच-तीन वर्षांचं मूल रंगांची नावं चुकवतं, त्याची काळजी नको. पण पाचव्या वर्षीही लाल, हिरवा, तपकिरी यांत सतत गल्लत होत असेल, तर ते रंगांधत्व असू शकतं. मुलग्यांमध्ये ते जास्त आढळतं आणि सरावाने जात नाही. त्याला रागावू नका. नेत्रतज्ज्ञांना दाखवा, आणि शाळेतल्या बाईंनाही सांगून ठेवा.