गाडी मशीनखाली धुवायला नेताय? आधी या चुका टाळा

सोमवारी सकाळी आमच्या तुर्भ्याच्या वर्कशॉपमध्ये ज्या गाड्या लागतात, त्यांतल्या दोन-तीन तरी आदल्या दिवशी धुतलेल्या असतात. बाहेरून चकाचक. आणि तक्रारीची सुरुवात ठरलेली: "अहो, धुवायला नेली तेव्हा ठणठणीत होती." वायपर वाकलेला, पार्किंग सेन्सर ओरडायचा थांबत नाही, आरसा अर्धाच उघडतो, डिकीत पाणी. मी सर्व्हिस ॲडव्हायझर आहे, त्यामुळे टेबलापलीकडच्या माणसाचा चेहरा रोज बघतो. बऱ्याचदा हप्त्यांवर घेतलेली घरातली पहिली गाडी असते. जीव तुटतो त्यांचा, आणि आपलाही. यातलं जवळपास सगळं टाळता येण्यासारखं असतं, म्हणून हे लिहायला घेतलं.

जुनी गाडी बंद केली की बंद व्हायची. आजची गाडी तशी गप्प बसत नाही. किल्ली जवळ आहे का, काचेवर पाणी आहे का, ड्रायव्हर उतरला का, मागे काही आडवं आलंय का, हे ती सारखं तपासत असते आणि त्यावरून स्वतःच काहीतरी करते. आभाळातून पडणारं पाणी आणि मशीनच्या नळातून येणारं पाणी यांतला फरक तिला कळत नाही. तो तिला आपण आधी सांगायला लागतो.

न्यूट्रल की पार्क? मशीन बघून ठरवा

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, म्हणून इथे जरा थांबतो.

ऑटोमॅटिक वॉशची मशीनं मुख्यतः दोन प्रकारची असतात. एकात गाडी जागेवर उभी राहते आणि ब्रशची मोठी कमान रुळांवरून पुढेमागे फिरते. इथे गिअर पार्कमध्ये, हँडब्रेक लावलेला, गाडी बंद. मॅन्युअल असेल तर पहिला गिअर आणि हँडब्रेक. दुसऱ्या प्रकारात जमिनीतला पट्टा किंवा रोलर चाकाला ढकलत गाडीला बोगद्यातून पुढे नेतो. इथे गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक सोडलेला हवा. एकाची सवय दुसरीकडे लावली की घोटाळा झालाच. आत शिरण्याआधी तिथल्या माणसाला सरळ विचारा: "दादा, गाडी उभी राहणार की सरकणार?"

आता न्यूट्रलची खरी गोम. इलेक्ट्रॉनिक गिअर आणि बटणाचा हँडब्रेक असलेल्या गाडीत नुसतं न्यूट्रल टाकून भागत नाही. सीटबेल्ट काढून दार उघडलं, किंवा इंजिन बंद केलं, की बऱ्याच गाड्या आपोआप पार्कमध्ये जातात आणि हँडब्रेकही लावून घेतात. ड्रायव्हर उतरला म्हणजे गाडी घरंगळू नये, असा त्यामागचा चांगला विचार आहे. पण पट्ट्यावर तोच विचार उलटा पडतो.

दोन वर्षांपूर्वी घोडबंदर रोडच्या एका वॉशिंग सेंटरमध्ये मी मेव्हण्याच्या शेजारी बसलो होतो. गाडी पट्ट्यावर चढली, त्यानं न्यूट्रल टाकलं. बाहेरचा मुलगा काहीतरी म्हणाला, ते ऐकू येईना म्हणून मेव्हण्यानं बेल्ट काढून दार वीतभर उघडलं. खाली कट्ट असा बारीक आवाज झाला आणि डॅशबोर्डवर लाल अक्षरात पी उमटला. मागचा रोलर चाकाला ढकलतोय आणि चाक जाम. रबर घासल्याचा वास आत आला, गाडी तिरकी व्हायला लागली आणि मागून दुसरी गाडी सरकत येत होती. मेव्हण्याचा हात गिअरकडे आणि पाय ॲक्सिलरेटरकडे चालला होता. मी त्याच्या गुडघ्यावर हात दाबून धरला आणि हॉर्न वाजवत राहिलो. त्या मुलानं धावत जाऊन मशीनचं लाल बटण दाबलं. अलॉय व्हीलवर एक चरा, एवढ्यावर निभावलं. पण त्या क्षणी गिअर पडून पाय दाबला गेला असता तर समोर काय झालं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

म्हणून पट्ट्याच्या मशीनवर चढताना आधी ऑटो होल्ड (गाडी थांबली की ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) बंद करा, हँडब्रेक सुटलाय का ते पाहा, न्यूट्रल टाका आणि शेवटपर्यंत बेल्ट आणि दार दोन्हींना हात लावू नका. गाडी बंद करूनही न्यूट्रलमध्ये ठेवायची असेल, तर त्याची पद्धत कंपनीनुसार बदलते. ह्युंदाई-कियाच्या इलेक्ट्रॉनिक गिअरवाल्या काही गाड्यांत गाडी चालू असतानाच न्यूट्रल टाकून स्क्रीनवर सांगितल्याप्रमाणे ओके बटण दाबून धरायचं असतं. टेस्लात यासाठी कार वॉश मोडच दिलाय. तुमच्या गाडीचं मॅन्युअल डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीत तसंच बंद असेल, तर या एका पानासाठी ते उघडा. आणि आत अडकलातच, तर ॲक्सिलरेटर नाही. हॉर्न.

वायपरचं ऑटो

पावसाळ्यात आपण वायपरची दांडी ऑटोवर टाकतो आणि विसरतो. आरशामागे काचेला चिकटवलेला सेन्सर काचेत इन्फ्रारेड प्रकाश सोडतो. काच कोरडी असली की तो परत येतो, थेंब पडला की बाहेर निसटतो. तेवढ्यावरून पाऊस आला असं गाडी समजते. वॉशिंगच्या पहिल्याच फवाऱ्यात तिला मुसळधार पाऊस लागल्यासारखं होतं, वायपर उसळी मारून उठतो आणि नेमका वरून येणाऱ्या ब्रशमध्ये अडकतो. दांडा वाकतो, कधी खालच्या जोडणीचे दाते जातात. ऑटो बंद करायला दोन सेकंद लागतात. मागच्या काचेचा वायपर असेल तर तोही नीट बसलाय ना ते पाहा, ब्रश तिथेच हमखास अडकतो.

खिशातली किल्ली

गाडी उभी राहणाऱ्या मशीनमध्ये आपण उतरून बाजूला थांबतो. किल्ली खिशात. गाडीला वाटतं मालक जवळ आहे. मग दाराच्या हँडलवरून पाणी वाहिलं की ते हाताचा स्पर्श समजून काही गाड्या लॉक-अनलॉक करत बसतात, आणि अनलॉक झाल्या की मिटलेले आरसे ब्रशच्या तोंडावर उघडतात. बंपरखाली पाय फिरवला की डिकी उघडते त्या गाड्यांत तर अजून पंचाईत. खालून मारलेला फवारा म्हणजे पाय, असा तिचा समज होतो.

नेरूळहून एक काकू आल्या होत्या. मुलीच्या लग्नाच्या पत्रिकांचा खोका डिकीत होता, दुसऱ्या दिवशी वाटायला निघायचं होतं. फवारा चालू असताना डिकी वर गेली. मी तो खोका पाहिलाय. वरच्या थरातल्या पत्रिका एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती आणि कोपऱ्याला लावलेलं कुंकू फुटून कागदभर लाल झालं होतं. त्या ओरडल्या नाहीत की भांडल्या नाहीत. एकेक पत्रिका सोडवायचा प्रयत्न करत बसल्या होत्या.

किल्ली घेऊन गाडीपासून चांगलं चार-पाच मीटर लांब उभं राहा. सेटिंगमध्ये पायानं डिकी उघडायची सोय बंद करता येत असेल तर तेवढ्यापुरती करा. आरसे आधीच मिटून घ्या.

आपल्याकडची धूळ

घोडबंदर रोडला मेट्रो ४ चं काम, खारघर-उलवे पट्ट्यात उभे राहणारे टॉवर, रबाळे-महापे आणि तळोज्याच्या एमआयडीसीतले ट्रक. आपल्या गाडीवर बसते ती नुसती माती नसते, तिच्यात सिमेंट आणि खडीची भुकटी असते. तिच्यावर थेट ब्रश फिरला तर तो पॉलिश पेपरसारखा चालतो. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात ना, त्या यातूनच येतात. ब्रश लागण्याआधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा आणि फोम मागून घ्या, आणि तो बसलेली धूळ सैल करेपर्यंत दोन-चार मिनिटं थांबायला सांगा. पुढची गाडी कोकणातून तांबड्या चिखलात माखून आलेली असेल, तर तिच्या मागोमाग आपली लावू नका. गणपतीनंतरच्या आठवड्यात हे आवर्जून बघा.

पण मशीनला सगळा दोष देणं मला पटत नाही. सोसायटीत रोज सकाळी एकाच बादलीत आणि एकाच फडक्यानं वीस गाड्या पुसल्या जातात, त्यानं रंगाचं होणारं नुकसान मला जास्त दिसतं. चांगल्या फोमचं, स्वच्छ ब्रशचं मशीन त्यापेक्षा कितीतरी बरं.

पाण्याचंही पाहा. बऱ्याच ठिकाणी बोअरचं किंवा टँकरचं पाणी असतं. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम जास्त असलं की थेंब वाळल्यावर पांढरे गोल डाग उरतात. भर दुपारी तापलेल्या बॉनेटवर तर पाणी पुसायच्या आत सुकतं. सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर जा. घाट उतरून थेट आलात तर ब्रेकच्या डिस्क निवू द्या, तापलेल्या लोखंडावर गार पाणी चांगलं नाही.

नुकतं पेंटिंग झालं असेल तर महिनाभर ब्रशखाली नेऊ नका. सिरॅमिक कोटिंग किंवा पीपीएफ (रंगावर चिकटवायची पारदर्शक फिल्म) केलं असेल तर किमान आठवडा, आणि लावणाऱ्यानं जास्त सांगितलं असेल तर तेवढं.

सनरूफ आणि चार नळ्या

सनरूफच्या कडेनं थोडं पाणी आत झिरपतं, हे गृहीत धरूनच ती बनवलेली असते. ते पाणी खोबणीतून कोपऱ्यांतल्या नळ्यांमार्गे खाली निघून जातं. सोनमोहराच्या किंवा गुलमोहराच्या झाडाखाली गाडी लावणाऱ्यांच्या या नळ्या फुलांच्या पाकळ्यांनी आणि धुळीनं तुंबतात. मग वॉशिंगनंतर छताचं कापड ओलं होतं आणि गिऱ्हाईक म्हणतं, मशीननं काच फोडली. सनरूफ उघडून पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात अर्धा कप पाणी हळूच ओता. खाली पुढच्या दाराजवळ किंवा चाकामागे ते पडताना दिसलं पाहिजे. तुंबलं असेल तर तार खुपसू नका, कॉम्प्रेसरची हवाही मारू नका. नळी आतल्या आत निसटते आणि मग छत उतरवावं लागतं.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी

"बॅटरी आयपी ६७ आहे, मग बॉनेट उघडून मारा पाणी," असं सांगणारे भेटतात. आयपी ६७ म्हणजे १ मीटर संथ पाण्यात ३० मिनिटं टिकेल एवढंच. जोरदार झोताची ती परीक्षा नव्हे. टायरमध्ये साधारण २.२ बार हवा असते, वॉशिंगच्या गनमध्ये १०० बारच्या पुढे दाब असू शकतो. तो झोत बॉनेटखाली किंवा चार्जिंगच्या सॉकेटवर नको. दाबल्यावर उघडणारं चार्जिंगचं झाकण असेल तर गाडी लॉक केल्याशिवाय आत नेऊ नका, ब्रशच्या दाबानं ते उघडतं. क्रेटा इलेक्ट्रिकसारखं नाकावरच पोर्ट असेल तर जास्तच लक्ष ठेवा. पोर्ट ओला झालाच, तर आपोआप सुकू द्या. हेअर ड्रायर नको, आत फडकं कोंबणं तर मुळीच नको.

धुऊन आणल्यावर काही बिघडलंय असं वाटलं तर

अडास (कॅमेरा-रडारवरून धोका ओळखून सावध करणारी, वेळेला स्वतः ब्रेक लावणारी यंत्रणा) किंवा रडार बंद असल्याचा संदेश आला की लोक घाबरून फोन करतात. बहुतेक वेळा कॅमेऱ्यासमोरच्या काचेवर किंवा बंपरवर फोमचा, वॅक्सचा थर असतो. ओल्या मऊ फडक्यानं पुसा, थोडी गाडी चालवा, संदेश जातो. दुसऱ्या दिवशीही राहिला तर दाखवायला आणा, आणि तोवर ब्रेक गाडी लावेल या भरवशावर राहू नका. पार्किंग सेन्सरचंही तसंच, त्याच्या गोल बटणावर थेंब अडकलेला असतो.

वायपर थरथरत फिरत असेल तर काचेवर वॅक्स आहे, वायपर बदलायची घाई नको, काच साफ करा. ब्रेक पहिल्या दोन-चार वेळा खरखरले तर डिस्कवर आलेला गंजाचा पातळ थर आहे. सेंटरच्या बाहेर पडल्या पडल्या रिकाम्या रस्त्यावर हळू वेगात तीन-चारदा ब्रेक दाबा. पाम बीच रोडसारख्या वेगवान रस्त्याला लागल्यावर ही परीक्षा घेऊ नका. हेडलाइटच्या आत हलकं धुकं आलं तर दिवे थोडा वेळ लावून ठेवा, ते जातं. पाण्याचे थेंब ओघळताना दिसले किंवा तळाशी पाणी साचलं तर सील गेलंय.

आत जाण्याआधी गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढून ठेवा. ढिली नंबरप्लेट, दारावरचे चिकटवलेले रेन व्हायझर, छतावरची काठीची अँटेना हेही बघा. अँटेना फिरवून निघते.

आणि दसऱ्यानंतर येणाऱ्यांनी हार घालून गाडी ब्रशखाली नेऊ नये. झेंडू चुरगळून निघून जातो, सुतळी जात नाही. ती ब्रशला गुंडाळली जाते आणि जाताना ग्रिलची पट्टी घेऊन जाते. लिंबू-मिरचीच्या दोऱ्याचंही तेच. घरूनच कात्रीनं कापून काढा. ओढू नका, ओढलं की आतली क्लिप तुटते, आणि ती क्लिप सुटी मिळत नाही, अख्खी पट्टी घ्यावी लागते.